उसनं रक्त

आमच्या घरात कपडे शिवायची टेप आहे ती ६० इंची. माझ्या गाईच्या, चांद्रीच्या, पुढच्या पायांमागून छातीभोवती ती फिरवली तर दोन टोकं एकमेकांना भेटेनात. गुरांच्या डॉक्टर मॅडमनी टेप बाजूला ठेवली आणि खुंटीवरचं जुनं दावं मागितलं. ते गाईभोवती वेढलं, टोक जिथे टेकलं तिथे चिमटीत पकडलं आणि मग पडवीत जमिनीवर पसरून त्या दाव्याचं माप घेतलं. ६६ इंच. खांद्याच्या टोकापासून मागे शेपटीशेजारच्या हाडापर्यंत लांबी ५६. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. मोबाइलवर ३६९ आणि पुढे काहीतरी आलं. "३७० किलो धरू या," त्या म्हणाल्या. "२० किलोला १ मिली, म्हणजे साडेअठरा."

गाय चार दिवस पडल्यात जमा, बाहेर पाऊस ओततोय, आणि ही पंचविशीतली मुलगी माझ्या गोठ्यात बसून गुणाकार करत्येय. खरं सांगतो, मला राग आला होता. आधीच्या तीन दिवसांत झालेली सगळी इंजेक्शनं नजरेच्या अंदाजाने झाली होती. सुईत भरलं, टोचलं, पैसे घेतले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आंब्याची पेटी हातात धरून वजन सांगणारी माणसं आम्ही. पण गाय म्हणजे आंब्याची पेटी नव्हे. साडेतीनशे किलोच्या जनावराला अडीचशे किलोचं औषध दिलं तर ते अर्धवट औषध होतं, आणि अर्धवट औषधाने रोग जात नाही, दबा धरून बसतो. हे मला नंतर कळलं.

चांद्री घाटावरची. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावठी गुरं, म्हणजे हल्ली ज्यांना 'कोकण कपिला' म्हणतात ती. २०१८ साली या जातीची देशाच्या पातळीवर नोंद झाली तेव्हा गावात सगळ्यांना गंमत वाटली होती, की आपल्या कातळावर चरणाऱ्या ढोरांना आता सरकारी नाव मिळालं. अंगाने लहान, काटक, पावसात भिजून उभ्या राहिल्या तरी शिंकत नाहीत. पण दूध दीड लिटर, फार तर दोन. माझा दुधाचा रतीब हर्णै-मुरुडकडच्या पाच-सहा घरगुती लॉजवर आहे. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत पर्यटक असतात आणि प्रत्येकाला सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो. दोन कपिलांच्या जिवावर ते भागेना. म्हणून जूनच्या शेवटी, आर्द्रा लागल्यावर, ८२ हजार देऊन एक होल्स्टिन संकर, म्हणजे विलायती दुधाळ जातीची संकरित गाय, घेतली. दुसरं वेत, कासेखाली महिन्याची पाडी, दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर. कपाळावर पांढरी टिकली म्हणून चांद्री. टेम्पोतून कुंभार्ली घाट उतरून आली. आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि "एवढी मोठी गाय, दृष्ट लागायची," असं बोलूनही दाखवलं.

सतराव्या दिवशी तिने आंबोण अर्धं टाकलं. संध्याकाळी दूध ९ लिटरवर, दुसऱ्या दिवशी ४ वर. ताप १०६ च्या आसपास. जवळ इंजेक्शनं देणारा एक जण आहे, तो तीन दिवस येऊन टोचून गेला. ताप उतरायचा, रात्री पुन्हा चढायचा. ताप उतरला की आम्हाला वाटायचं, झालं, सुटलो. चौथ्या दिवशी ती खोकायला लागली. खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी, हाताला गाठ लागत होती, चांगली हापूस आंब्याएवढी. डोळ्याची आतली पापणी खाली ओढली तर शहाळ्यातल्या मलईसारखी पांढरी. शेजारचे आप्पा बघायला आले. पंचाहत्तरीचे आहेत, आयुष्यभर गुरांत गेलेत. म्हणाले, "गाठीवर डाग दे. विळा तापवून दोन रेघा ओढ." आई तोवर देवळात गाऱ्हाणं घालून आली होती.

मी १९६२ या गुरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरला फोन केला. गाडी दुसऱ्या टोकाला गेलेली, आमच्या वाटेवर वडाची फांदी आडवी. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोचिडी आहेत का अंगावर?" आहेत म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, "परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली एक मुलगी आपल्या भागात रक्ताचे नमुने गोळा करत्येय, एमव्हीएस्सीला आहे, म्हणजे गुरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत्येय. तिला पाठवतो. ती पोचेपर्यंत काही टोचू नका."

मॅडम स्कूटीवरून आल्या. मागे थर्माकोलचा डबा बांधलेला, त्यात बर्फ, आणि बर्फाला मासळीचा वास. हर्णैच्या बंदरावर लिलावाला जो बर्फ येतो तोच त्या घेतात, कारण या भागात सकाळी सातला दुसरीकडे कुठे बर्फ मिळत नाही. त्या वासाने चांद्री मात्र दोन पावलं मागे सरली. देशावरच्या गाईला मासळीचा वास कुठला माहीत असणार!

आधी संमतीपत्र. मालकाचं नाव, गाव, गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर, वय, वेत. मग त्यांनी विचारलं, "जात?" आई दारातून आमची जात सांगायला लागली. "आजी, गाईची," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसात घरात तेवढंच एकदा हसू झालं. पुढचे प्रश्न मात्र मला कोणी आजवर विचारले नव्हते. कुठून आणली, किती तारखेला आणली, टेम्पोत आणखी कुठली गुरं होती, इथे आल्यावर कुठे बांधली, भिंत कसली आहे. "भिंत?" "हो, भिंत. माती, विटा का चिरा?" चिरा, म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. याचा अर्थ मला आठवडाभराने लागला.

मानेची शीर दाबून जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. कानाच्या टोकाला बारीक टोचून एक थेंब काचेवर घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो सर्रकन पसरवला. घावनाचं पीठ तव्यावर पसरावं तसा पातळ थर. ही स्लाईड सुकवायला पडवीच्या कट्ट्यावर ठेवली. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत टॉवेल आठवडाभर सुकत नाही, तिथे रक्ताचा थेंब काय सुकणार? मॅडम कागद भरण्यात गुंतल्या आणि पाच मिनिटांनी बघतात तर स्लाईडवर मुंग्यांची रांग. एका कडेची जवळजवळ दीड बोट जागा साफ. मला अपराधी वाटलं, घर आमचं, मुंग्याही आमच्याच. त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या अभ्यासातल्या निम्म्या स्लाईड कोकणातल्या मुंग्यांनीच तपासल्यात." दुसरी स्लाईड बायकोने चुलीच्या वैलापाशी, हाताला सोसेल इतक्या उबेवर धरली. ती सुकली. लगेच बाटलीतल्या स्पिरिटसारख्या द्रवात बुडवून पक्की केली.

मग त्या गाठीत सुई. आप्पा ओरडले, "तिथे डाग द्यायचा असतो!" मॅडमनी शांतपणे थोडा पाझर ओढला आणि वेगळ्या काचेवर घेतला. "डाग दिला तर गाठीवरची कातडी जळेल, आजोबा. रोग गाठीच्या आत आहे."

स्लाईड बघायला मी त्यांच्या मागोमाग तालुक्याला गेलो. म्हणजे त्यांनीच म्हटलं, "चला, तुमच्या गाईचं आहे, तुम्ही बघा." एवढं कोणी म्हणत नाही. ४० मिनिटं काच जांभळ्या रंगात ठेवली, धुतली, सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचा थेंब टाकून लावली. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग फिकट गोल चकत्यांचं शेत दिसलं. त्या तांबड्या पेशी. आणि दहापैकी दोन-तीन चकत्यांच्या आत बारीक जांभळी खूण, कुठे अंगठीसारखी, कुठे स्वल्पविरामासारखी. "हा थायलेरिया." गाठीतल्या पाण्याच्या काचेवर वेगळाच प्रकार, मोठ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात निळसर ठिपक्यांचे पुंजके. त्यांना कॉखचे निळे पुंजके म्हणतात. क्षयाचे जंतू शोधणारा रॉबर्ट कॉख, तोच. गुरांच्या रोगावरही त्याने काम केलं होतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

थोडक्यात असं, की हा परजीवी गोचिडीच्या थुंकीतून गाईत शिरतो. आधी गाठींमधल्या पांढऱ्या पेशींत वाढतो, म्हणून गाठी सुजतात आणि ताप येतो. मग तांबड्या पेशींत शिरतो, पेशी फुटत जातात, गाय पांढरी पडते. साध्या अँटिबायोटिकने तो मरत नाही. म्हणजे आमचे पहिले तीन दिवस आम्ही तापाशी भांडत होतो, रोगाशी नाही. त्या टोचणाऱ्या माणसाला मी पूर्ण दोष देत नाही. मीही त्याला गाईला गोचिडी आहेत हे सांगितलं नव्हतं. गोचिडी काय, कोणाच्या गुरांना नसतात!

औषधाचं नाव बुपार्वाक्वोन. पिवळं, दाट. टेप, दावं आणि गुणाकार झाला तो त्या संध्याकाळी. साडेअठरा मिली मानेच्या मांसात खोल, पण एका जागी नाही, दोन बाजूंना निम्मंनिम्मं, नाहीतर गाठ धरते. दूध दोन दिवस कोणी प्यायचं नाही. पाडीला आमच्या कपिलेचं, तांबूचं, दूध बाटलीने पाजलं.

औषध झालं, मला वाटलं आता घरी जातील. त्यांनी पेटीतून काचेची बारीक नळी काढली. नळीत थोडं आम्ल, त्यात मोजून रक्ताचा थेंब. ते तपकिरी झालं. मग थेंब थेंब पाणी घालत, शेजारच्या रंगीत काचेशी रंग जुळेपर्यंत. आमच्याकडच्या कोऱ्या चहासारखा रंग. खिडकीतल्या उजेडात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "३.६."

निरोगी गाईचं हिमोग्लोबिन ८ ते १५ असतं.

"औषध लागू पडायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "परजीवी मरतील, पण तोवर अंगात रक्त पाहिजे ना. रक्त चढवावं लागेल."

गाईला रक्त चढवतात हे मी ऐकलंही नव्हतं. पहिला प्रश्न डोक्यात आला तो रक्तगटाचा. माणसाचे चार गट जुळवताना नातेवाइकांची धावपळ होते. गुरांच्या रक्तगटांच्या ११ प्रणाली आहेत, आणि त्यातल्या एकट्या 'बी'मध्ये साठाच्या वर प्रकार. जुळवायला बसलो तर गाय संपेल. पण निसर्गाने इथे एक सवलत ठेवली आहे. एका गाईच्या अंगात दुसऱ्या गाईच्या रक्ताविरुद्धचं हत्यार आधीपासून जवळजवळ तयार नसतं, म्हणून पहिल्यांदा चढवलेलं रक्त बहुधा निभावतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढवायची वेळ आली तर मात्र धोका. "म्हणजे संधी एकच," मॅडम म्हणाल्या.

रक्त कोणाचं? घरच्या दोघी होत्याच, तांबू आणि हरणी. आईने तांबूला पुढे केलं. "आमची कपिला आहे, तिचं रक्त गुणाचं." त्याच संध्याकाळी दोघींच्या कानाच्या स्लाईड घेतल्या, आणि सहज म्हणून आप्पांच्या बैलाची, पोवळ्याचीही घेतली. रात्री साडेदहाला फोन आला. हरणी लहान आणि गाभण, ती नकोच. आणि तांबूच्या रक्तात तेच स्वल्पविराम होते. फार नाहीत, शोधून शोधून सापडावेत इतके.

मी गोठ्यात जाऊन बघून आलो. तांबू निवांत रवंथ करत होती. ताप नाही, गाठ नाही, दूध कमी नाही. रोग अंगात घेऊन हिंडणारी गाय आणि तिला पत्ताच नाही! आणि तिच्यापासून आठ हातांवर चांद्री मान टाकून. घरात लगेच दोन पक्ष पडले. आई म्हणाली, घाटावरच्या गाईने रोग आणला आणि आमच्या तांबूला लावला. ज्याच्याकडून चांद्री घेतली त्याला फोन केला तर तो म्हणाला, तुमच्या कोकणातच रोग आहे, माझी गाय निरोगी होती.

पोवळ्याची स्लाईड स्वच्छ होती. "स्लाईडमध्ये दिसला नाही, एवढंच मी सांगू शकते," हे मॅडमनी दोनदा सांगितलं. सकाळी सातला आम्ही आप्पांच्या खळ्यात. लावणीचे दिवस, चिखलणी चालू. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय माझे, बैलाचं रक्त काढलंस तर माझ्या चोंढ्यात नांगर कोण, तू ओढणार?" मॅडमनी त्यांनाही गणित सांगितलं. बैल दाव्याने मोजून २९० किलोचा. किलोला १० मिलीपर्यंत घेतलं तर त्याला त्रास नाही. आपण तर २ लिटरच घेणार. चार दिवस जोताला धरू नका, पेंड-गूळ द्या.

आप्पा काही वेळ गप्प. मग त्यांनी बुळकांडीची, गुरांच्या जुन्या जीवघेण्या साथीची, गोष्ट काढली. ते लहान असताना लस टोचायला सरकारी माणसं आली होती. त्यांच्या वडिलांनी त्यांना काठी घेऊन पिटाळलं, की आमच्या ढोरांना विष टोचता. त्याच साली वाड्यातली नऊ गुरं गेली. पुरायला माणसं पुरेनात. "आता कुठे हाय ती बुळकांडी?" त्यांनी विचारलं. नाही कुठे. २००६ साली आपला देश तिच्यातून मोकळा झाला आणि २०११ साली सगळं जग. मॅडमनी सांगितल्यावर ते उठले. "ने. पण तीन दिवस. चौथ्या दिवशी मी नांगर धरणार." सौदा साडेतीन दिवसांवर तुटला.

पोवळ्याला नारळाच्या बुंध्याला आवळून बांधला. मानेच्या खालच्या बाजूला दोरी ताणली की शीर बोटाएवढी फुगते. पिशव्या माणसांच्याच, रक्तदान शिबिरात असतात त्या, ३५० मिलीच्या. आत रक्त गोठू नये म्हणून औषधाचं पाणी घातलेलं असतंच. मॅडमजवळ सहा होत्या. त्यांनी सुई घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "खाली धरा आणि हलवत राहा. पाळणा हलवतात तसं, घुसळायचं नाही." पिशवी हातात जड होत जाते आणि ती गरम असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जुलैच्या गारठ्यात हातात गरम पिशवी, आणि वर बैलाचा श्वास. पोवळ्या पहिल्या टोचणीला उसळला, नंतर आप्पा त्याच्या कपाळाला खाजवत राहिले आणि तो डोळे अर्धे मिटून उभा राहिला. सहावी पिशवी भरली तेव्हा आप्पांनीच विचारलं, "पुरे का? अजून पायजे तर घे."

चांद्रीला पहिला पाव तास रक्त थेंब थेंब. अंगावर काटा, थरथर, तोंडाला फेस, धाप, यातलं काही दिसलं तर लगेच थांबायचं, म्हणून एक सुई आधीच भरून ठेवलेली. गोठ्याच्या आढ्याला पिशवी टांगली होती. बायको घड्याळ घेऊन बसली, मी श्वास मोजत होतो, आई जप करत होती. काही झालं नाही. मग नळीवरचं चक्र सैल केलं. दीड-पावणेदोन तासांत सगळ्या पिशव्या रिकाम्या. चौथ्या पिशवीच्या सुमाराला चांद्रीने कान हलवला. माशी बसली होती. चार दिवसांत तिने माशी उडवली नव्हती.

"हे उसनं रक्त आहे," मॅडम निघताना म्हणाल्या. "गुरांत दुसऱ्याच्या पेशी फार दिवस टिकत नाहीत, आठवडाभर म्हणा. तेवढ्यात तिने स्वतःचं करायला घ्यायला हवं." दोन दिवसांनी बुपार्वाक्वोनचा दुसरा डोस झाला. पाचव्या दिवशी तिने ओलं गवत ओढून खाल्लं. दहाव्या दिवशी हिमोग्लोबिन ६ च्या वर.

मी मात्र तोवर गुरांवर तुटून पडलो होतो. करंजेल चोळ, पावडर मार, औषधाच्या पाण्याने धू. तिघींच्या अंगावर गोचीड दिसेना. मॅडम आठवड्याने आल्या, शाबासकी द्यायच्या ऐवजी त्यांनी टॉर्च आणि चिमटा काढला आणि भिंतीपाशी उकिडव्या बसल्या. आमचा गोठा जांभ्या चिऱ्याचा, आजोबांच्या वेळचा, आतून गिलावा नाही. चिरा म्हणजे दगडाची जाळीच, बोट शिरेल अशी भोकं. चांद्री बांधतो तिथे, गुडघ्याच्या उंचीला, एका भोकात त्यांनी चिमटा घातला आणि काळ्या द्राक्षाएवढी टम्म गोचीड बाहेर काढली. मग दुसरी. मग तिच्या शेजारच्या सांध्यातून बारीक, रिकाम्या पोटाच्या तीन. त्यांचे पाय लांब, पायांवर फिकट पट्टे.

आमच्या गावठी गुरांवरची नेहमीची गोचीड आखूड पायांची, राखाडी-निळसर. ती लहानपणापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहते, म्हणून गाय धुतली की ती बरीचशी आटोक्यात येते. ही पट्टेवाली वेगळी. हायलोमा. हिला एकाच गाईवर सगळा जन्म काढायचा नसतो. पोट भरलं की उतरते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते किंवा अंडी घालते, एकेक मादी हजारांनी घालते, आणि भूक लागली की परत येते. चांद्रीला झालेला थायलेरिया हीच पसरवते. मी गाय धूत होतो आणि गोचीड भिंतीत बसून माझी गंमत बघत होती. पहिल्या दिवशी 'चिरा' या शब्दाखाली रेघ ओढली होती ती यासाठी.

ही पट्टेवाली गोचीड कोरड्या हवेतली, देशावरची. घाटावरून संकरित गाई उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर ती येते. पण आमच्या चार महिन्यांच्या ओलीत, चिऱ्याच्या भिंतीत, ती टिकते का? पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगते का, अंडी फुटतात का? मॅडमच्या अभ्यासातला हाच प्रश्न. आमचा गोठा त्यांना सोन्यासारखा होता, आणि हे ऐकून आईला काय वाटलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. दोन गोचिडी स्पिरिटमध्ये गेल्या. टम्म फुगलेली जिवंत, कापसाच्या बोळ्याने बंद केलेल्या बाटलीत, अंडी घालते का बघायला.

मला भिंत ज्योतीने भाजून काढायची होती, बरेच जण तसं करतात. पण माळ्यावर वर्षभराचा पेंढा. शेवटी गोठ्याच्या तीन बाजू छातीपर्यंत चुना-सिमेंटने बुजवल्या, चौथी मॅडमच्या विनंतीवरून तशीच ठेवली. तिथे गाय बांधत नाही. आजोबांची भिंत बुजवताना वाईट वाटलं. उन्हाळ्यात तो गोठा नुसता गार असायचा.

निकाल गणपतीत आला. आरती चालू होती आणि फोन वाजला, पीडीएफ. पीसीआर नावाच्या तपासणीत परजीवीची नेमकी जात शोधतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन जातींचे थायलेरिया सारखेच दिसतात, तिथे फसगत होते. चांद्रीच्या रक्तात होता तो अॅन्युलाटा, मारणारा. तांबूच्या रक्तात होता तो ओरिएंटॅलिस, बहुतेक वेळा सौम्य, वेगळ्याच गोचिडीतून येणारा. म्हणजे तांबूने चांद्रीला दिला नव्हता आणि चांद्रीने तांबूला दिला नव्हता. रोग अंगात शिरल्यापासून ताप दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, आमचे सतरा दिवस त्यात बसतात. ती येतानाच घेऊन आली असणार. मी त्या विकणाऱ्याला पुन्हा फोन केला नाही. त्याच्याकडे तिला ताप नव्हता, तो खोटं बोलला नव्हता.

आईने निकाल ऐकून घेतला आणि तांबूच्या पाठीवर हात फिरवून आली. तिच्या लेखी खटला तेवढ्यावर मिटला.

या थायलेरियावर आपल्याकडे लस आहे, हैदराबादला तयार होते. जिवंत परजीवी असल्याने ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवावी लागते. इथवर ती कशी पोचवायची यावर मी गेले काही महिने दूध संस्थेत डोकं खातोय. पुढची घाटावरची गाय लस टोचल्याशिवाय घाट उतरवायची नाही, एवढं मी ठरवलं आहे. औषध, पिशव्या, गिलावा सगळं मिळून ११ हजार गेले. चांद्री त्या वेतात ८ लिटरच्या वर कधी गेली नाही.

चौथ्या भिंतीतून मी दर महिन्याला चिमट्याने काय मिळेल ते काढून बाटलीत भरतो आणि एसटीच्या पार्सलने पाठवतो. पावसाळा संपेपर्यंत मिळत होत्या. डिसेंबरात एक मिळाली. त्यानंतर तीन महिने रिकामी बाटली पाठवली. मॅडम म्हणाल्या, रिकामी पण पाठवायची, तारीख घालून, तीही नोंद असते. एप्रिलमध्ये परत दोन निघाल्या. पट्टेवाल्या.

आप्पा रोज संध्याकाळी आमच्या पाणंदीतून जाताना चांद्रीपाशी थांबतात. "माझ्या बैलाचं रक्त हाय हिच्यात," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ते रक्त आठवड्यात संपलं हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. चांद्री येत्या गणपतीत व्यायची आहे. पहिल्या चिकाचा खरवस कोणाच्या घरी जायचा, ते त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे.